मदत हवी आहे: न्यू जर्सीत गांजा लागवडीच्या लायसन्सात भागीदारी आणि माझं ग्रीन कार्ड

नमस्कार मंडळी,

माझा थोरला भाऊ न्यू जर्सीच्या कॅनबिस रेग्युलेटरी कमिशनकडे (गांजाच्या धंद्यांवर देखरेख ठेवणारं राज्याचं मंडळ) लागवडीच्या लायसन्ससाठी अर्ज करतोय. तो अमेरिकन नागरिक आहे. मी, बायको आणि मुलगी अजून ग्रीन कार्डवर आहोत, पुढच्या वर्षी सिटिझनशिपचे अर्ज भरायचेत. दादाला मी चार आणे भागीदार म्हणून हवा आहे आणि मलाही मनापासून यायचंय. पण इमिग्रेशनचे नियम वाचून धीर होत नाही.

राज्याच्या बाजूने फारसं अडत नाही. अर्ज क्लास १ म्हणजे लागवडीचा, त्यातही मायक्रोबिझनेस, म्हणजे अगदी छोटा धंदा. २,५०० चौरस फूट जागा, जास्तीत जास्त १० माणसं. सगळे मालक निदान २ वर्षं सलग जर्सीत राहिलेले हवेत, ते आम्ही आहोतच. आधी सशर्त लायसन्स घ्यायचं ठरतंय. त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे: एकट्याचं २ लाख डॉलर, नवरा-बायको मिळून ४ लाख.

खरी मेहनत गावाच्या होकाराला लागते. २०२१ चा कायदा आल्यावर जर्सीतल्या बहुतेक गावांनी असले धंदे नकोत असे ठराव केले. दादाचं गाव हो म्हणणाऱ्यांतलं, तरी झोनिंगचं पत्र (त्या जागेत हा धंदा चालतो असं) आणि कौन्सिलचा ठराव लागतोच. मागच्या बैठकीत एका आजींनी वासाचा मुद्दा काही सोडला नाही. दादाने टेबलावर नकाशा पसरला आणि कार्बन फिल्टर कुठे बसणार, हवा छतावरून कशी बाहेर जाणार, ते बोट ठेवून दाखवलं. मग कुठे त्या बसल्या.

हे सगळं करायची ओढ वहिनीमुळे. केमो चालू असताना तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. डॉक्टरांनी औषध म्हणून गांजा घेता यावा यासाठी मेडिकल कार्ड करून दिलं, त्यानंतर ती निदान अर्धी पोळी आणि वरण खाऊ लागली. जर्सीत वैद्यकीय वापराचा कायदा २०१० चा. २०१९ मध्ये तो वाढवला तेव्हा कॅन्सरने गेलेल्या जेक होनिग या ७ वर्षांच्या मुलाचं नाव त्याला दिलं. पण घरी कुंडीत एक रोप लावलं तरी गुन्हा, म्हणजे पेशंटला दुकानातल्या दरानेच घ्यावं लागतं. अशा लोकांसाठी चांगला, तपासलेला माल पिकवावा असं आम्हा दोघांनाही वाटतं.

आता अडचण. राज्याने लायसन्स दिलं तरी फेडरल कायद्याच्या लेखी हा अमली पदार्थांचा धंदाच. एप्रिल २०१९ मध्ये यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, स्पष्टच लिहिलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाशी संबंधित व्यवहार सिटिझनशिपसाठी लागणाऱ्या 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकतो. एन-४०० या सिटिझनशिपच्या फॉर्मवर अमली पदार्थ पिकवले किंवा विकले का, असं विचारतात. तिथे खोटं लिहायचा प्रश्नच नाही.

मला विचारायचंय ते असं. हिस्सा न घेता दादाला नुसते पैसे उसने दिले तर चालेल का? बायको अकाउंटंट आहे, तिने संध्याकाळी हिशेब लिहिले तर? आणि आत्ता बाहेर राहून सिटिझनशिपनंतर भागीदार झालो, तर लायसन्सवर मालकाचं नाव नंतर घालता येतं का? आमचे लायसन्सचे वकील पहिल्या दोन प्रश्नांवर बोलतच नाहीत, म्हणतात तो आमचा विषय नाही.

प्रतिसाद १

दादा, कळकळीने सांगते, उसनेसुद्धा देऊ नका. इमिग्रेशन कायद्यात नुसता विकणारा नाही, जाणूनबुजून मदत करणाराही येतो, आणि त्याला शिक्षा झालेली असावी लागत नाही. अधिकाऱ्याला सबळ संशय असला की पुरतं. शिवाय अशा पैशांचा फायदा मागच्या ५ वर्षांत घेतलेल्या नवरा-बायकोला आणि मुलांनाही तेच कलम लागू शकतं, म्हणजे तुमची मुलगीही त्यात आली. वहिनींनी, म्हणजे तुमच्या मिसेसनी, हिशेबाला हात लावू नये. फक्त इमिग्रेशनचं काम करणारा वकील वेगळा गाठा आणि त्याचं मत लेखी घ्या.

प्रतिसाद २

मी टॅक्सचं काम करतो. उसने दिलेले पैसे लपत नाहीत, कॅनबिस कमिशन पैसा कुणाकडून आला तेही तपासतं. तुमचं नाव कागदावर येणारच. भावाला एवढं सांगा की फेडरल इन्कम टॅक्सचं कलम २८०ई लागू असेपर्यंत भाडं, जाहिरात, ऑफिसचा पगार असले खर्च वजा मिळत नाहीत, फक्त माल तयार करायचा खर्च मिळतो. लागवडवाल्याचा बराचसा खर्च त्यात बसतो, म्हणून दुकानदारापेक्षा तो बरा. पण हिशेब पहिल्या दिवसापासून तसेच लिहायला हवेत. आणि शेड भाड्याची असेल तर मालकाच्या बँकेची संमती आधी बघा, कर्जाच्या करारात बेकायदा वापर नको असं कलम असतं.

धागाकर्ता

ताई, दादा, दोघांचेही मनापासून आभार. भावाशी रात्रीच बोललो. पैसे देत नाही, बायकोही हिशेब लिहिणार नाही. शेड भाड्याची आहे, मालकाशी तो उद्या बोलतोय. लायसन्सवर नंतर भागीदाराचं नाव घालण्याबद्दल कुणाला अनुभव असेल तर अजून हवाच आहे. आणि मिडलसेक्स किंवा सॉमरसेट काउंटीत या विषयातला इमिग्रेशन वकील कुणाला माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.