ग्रोमेट (कानाच्या पडद्यात बसवायची बारीक नळी) घालायचं की आणखी थांबायचं? माझं मत थांबावं असं आहे, तुमचं सांगा

आंबेमोहर
लेक ४ वर्षं २ महिन्यांची. आम्ही नाशिकला असतो. गेल्या वर्षभरात ४ वेळा कान ठणकला, प्रत्येक वेळी ताप, रात्रभर रडणं आणि अँटिबायोटिकचा कोर्स. सप्टेंबरमध्ये ईएनटीकडे (कान-नाक-घसा डॉक्टर) टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का ते बघायची चाचणी केली, दोन्ही कानांची रेषा सपाट आली. म्हणजे पडद्यामागे पाणी साचलंय. दिवाळीनंतर पुन्हा केली, तशीच सपाट. या वेळी ऐकण्याची चाचणीही झाली: उजवा कान ३५ डेसिबल, डावा ४०, म्हणजे आवाज किमान एवढा मोठा असेल तरच तिला ऐकू येतो.

त्या चाचणीत आवाज आला की डब्यात एक मणी टाकायचा असतो. मी काचेबाहेरून बघत होते. ती मणी गालाला लावून, मान तिरकी करून अगदी मन लावून बसली होती. बाई बटण दाबत होत्या आणि तिचा हात हलत नव्हता.

एक डॉक्टर म्हणतात, पडद्याला बारीक छेद देऊन ग्रोमेट घालू आणि त्याच भुलीत एडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) काढू. दुसरे म्हणतात, थंडी संपेपर्यंत थांबा. मी थांबायच्या बाजूची आहे. या वयात घशातून कानाला जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, वाढत्या वयाबरोबर ती सुधारते. एडेनॉइडही पुढे आपोआप आक्रसतं. जे स्वतःहून बरं होणार आहे त्यासाठी एवढ्याशा पोरीला पूर्ण भूल का द्यायची? आपल्याकडे शस्त्रक्रिया जरा लवकरच सुचवतात असं मला वाटतं. पटत नसेल तर वाद घाला, पण कारणं द्या.

निवडुंग
ताई, कारण देते. आम्ही दीड वर्ष थांबलो. सगळं हेच बोलत होतो, वाढेल तसं सुटेल. मुलगा बालवर्गात मागे बसून खिडकीबाहेर बघायचा. 'लक्ष देत नाही' असा शेरा दोनदा आला आणि मी त्याला दोनदा मारलं. हे लिहिताना आजही हात थांबतो. तो साखरेला 'आखर' म्हणायचा, आम्हाला वाटायचं लाडिक बोलतो. 'स'चा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

ग्रोमेट घातलं त्याच संध्याकाळी घरी आणलं. मेडिकलवाल्याने थेंबांची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत दिली होती. रिक्षात तो ती पिशवी कानाशी धरून चुरगाळत बसला. घर येईपर्यंत तेच. मी थांबायला सांगणार नाही.

कोकणकडा
आमची गोष्ट उलटी आहे, तीही नोंदवतो. मुलीला ३ वर्षांची असताना ग्रोमेट घातलं. पुढचं वर्षभर दर सर्दीला कान वाहायचा. १४ महिन्यांनी नळी पडली, पण पडद्याचं भोक बुजलं नाही. दहाव्या वर्षी मोठी शस्त्रक्रिया करून पडद्याला ठिगळ लावावं लागलं. साध्या ग्रोमेटनंतर भोक राहणं शंभरात एक-दोघांनाच होतं असं सांगतात. आमचं मूल त्या एक-दोघांत होतं.

आणि अभ्यास काय म्हणतो तेही बघा. अमेरिकेत पिट्सबर्गला २५० मुलांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नळ्या घातल्या, बाकीच्यांना कान दुखेल तेव्हा औषध दिलं. दोन वर्षांत वर्षाला सरासरी किती वेळा कान पिकला? नळीवाल्यांना १.४८ वेळा, बिननळीच्यांना १.५६. फरक जवळपास नाहीच. मग भूल कशासाठी? आंबेमोहर ताई, तुमचं बरोबर आहे.

कर्णफूल
मी ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याच्या चाचण्या करणारी तज्ज्ञ) आहे, रोज असे मणी टाकून घेते. कोकणकडा दादा, आकडे तुम्ही बरोबर दिलेत, पण ते या मुलीला लागू होत नाहीत. त्या अभ्यासातली मुलं ६ महिने ते ३५ महिन्यांची होती आणि प्रश्न होता वारंवार कान पिकण्याचा. इथे दोन वेगळे आजार एकत्र बोलले जाताहेत. कान पिकतो, ताप येतो, दुखतं, तो एक. दुखत काहीच नाही पण पडद्यामागे गोंदासारखा द्रव महिनोन् महिने बसून राहतो, तो दुसरा. पहिल्यासाठी नळ्यांचा फायदा किती यावर वाद आहे. दुसऱ्यात विचारायचं एकच: मुलाला ऐकू किती येतं, आणि किती दिवसांपासून कमी येतंय?

आपलं साधं बोलणं मीटरभरावरून ५०-६० डेसिबलचं असतं. ३५-४० चा तोटा म्हणजे समोर बसून बोललात तर कळेल. स्वयंपाकघरातून हाक मारली, वर्गात बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या, तर अर्धं जाईल. शब्दातले 'स', 'फ', 'त' आधी गळतात, निवडुंगने सांगितलं तसे.

तरीही मी आज लगेच ग्रोमेट करा म्हणणार नाही. दोन्ही कानांत पाणी ३ महिने टिकलेलं असावं आणि ऐकण्यावर परिणाम मोजलेला असावा, अशी साधारण रीत आहे. पहिली सपाट रेषा सप्टेंबरअखेरची असेल तर डिसेंबरअखेरपर्यंत थांबा, वाहती सर्दी नसलेल्या दिवशी पुन्हा मोजा, आणि तेव्हाही आकडे हेच असतील तर मग थांबू नका. थंडी संपेपर्यंत म्हणजे मार्च. तोवर पोरीचे सहा महिने झालेले असतील.

कोकणकडा
सहा महिन्यांनी काय बिघडतं? पिट्सबर्गचाच जुना मोठा अभ्यास आहे, ४२९ मुलांचा. काहींना लगेच नळ्या, काहींना ९ महिन्यांपर्यंत थांबून आणि तरीही पाणी राहिलं तरच. मुलं ९ ते ११ वर्षांची होईपर्यंत बोलणं, वाचन, वागणूक तपासली. दोन्ही गटांत फरक नाही. थांबल्याने मूल मागे पडतं हा धाक पालकांना घातला जातो, माझ्या बायकोला घातला गेला. त्या भीतीपोटी आम्ही आठ दिवसांत सही केली.

कर्णफूल
आठ दिवसांत सही करायला लावणं चूकच, त्यात तुमच्याशी वाद नाही. पण त्या अभ्यासात एकाच कानात पाणी असलेली, पाणी येऊन-जाऊन असलेली मुलंही होती. दोन्ही कानांत सलग, तेही ३५-४० च्या तोट्यासह, असं प्रत्येक मूल नव्हतं. त्यामुळे 'थांबणं बहुतेकांना सोसतं' एवढंच त्यातून काढा. 'या मुलीला सोसेल' हे त्यात लिहिलेलं नाही. आणि दहाव्या वर्षी फरक दिसला नाही म्हणून पाचव्या वर्षी वर्गात ऐकू न आलेले महिने भरून येतात का?

तुळशीवृंदावन
मी ६८ वर्षांची आहे. आमच्या गावी कान वाहणं सर्दीसारखंच समजायचे. आई लसूण टाकून तेल कोमट करायची आणि कानात सोडायची. पडदा फाटलेला होता हे कुणाला ठाऊक? माझा उजवा कान लग्नापर्यंत वाहिला. आज त्या कानाने मला फोन ऐकू येत नाही, नातवंडं डाव्या बाजूला येऊन बसतात. आई मायेनेच करायची, तिला दोष देत नाही. पण आंबेमोहर, कोणीही सांगितलं तरी तिच्या कानात तेल घालू देऊ नकोस बाळा. आणि डॉक्टर दोघे असले तर जो मोजून बोलतो त्याचं ऐक.

दूरदेशी
आम्ही इंग्लंडमध्ये, लीड्सला असतो. इथे पद्धत बहुधा तीच, पाणी दिसलं की ३ महिने लक्ष ठेवून पुन्हा चाचणी. पण तिसरा मार्ग कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. आमच्या मुलाला ग्रोमेटऐवजी श्रवणयंत्र घ्यायचं का, असं विचारलं. तात्पुरतं, पाणी जाईपर्यंत. आम्ही घेतलं. ११ महिने त्याने निळ्या रंगाची यंत्रं वापरली, पाणी गेलं, यंत्रं परत केली. भूल नाही, छेद नाही.

सोबत नाकाने फुगा फुगवायचा प्रकारही करून घेतला. एक नाकपुडी बंद करायची, दुसरीला नळी लावून फुगा फुगवायचा, दिवसातून तीनदा. इथल्या ३२० शाळकरी मुलांवरच्या चाचणीत ३ महिन्यांनी फुगावाल्यांपैकी साधारण निम्म्यांचा किमान एक कान मोकळा झाला होता, नुसतं थांबलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा. जादू नाही, पण अपायही नाही. चार वर्षांच्या मुलीला जमतं का ते बघावं लागेल.

आंबेमोहर
दूरदेशी ताई, यंत्राचा विषय काल घरी काढला. सासूबाई रडायलाच लागल्या. "पोरीच्या कानाला मशीन? उद्या लोक काय म्हणतील?" नवराही गप्प बसला. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आम्ही भुलीला घाबरतोय असं म्हणत होतो, पण ऐकू कमी येतंय हे चारचौघांत दिसायला नको, हेही त्यात होतं. मी स्वतःही त्यातून सुटलेली नाही.

निवडुंग
हेच आमच्या घरी झालं. म्हणून तर दीड वर्ष गेलं.

पाऊलवाट
सर्दीची गोळी आणि नाकातले थेंब देऊन बघितले का? आणि ग्रोमेट असताना पोहणं बंद, विमान बंद, हे खरं का?

कर्णफूल
सर्दीच्या गोळ्यांनी पडद्यामागचं पाणी जात नाही, उगाच झोप येते. पोहायला सहसा हरकत नसते, बुचंही प्रत्येकाला लागत नाहीत, आपल्या डॉक्टरांना विचारा. विमानात उलट त्रास कमी होतो, नळीतून हवेचा दाब आपोआप सारखा होतो. कान वाहिला तर बहुतेक वेळा कानात टाकायचे अँटिबायोटिक थेंब पुरतात, पोटातलं औषध लागत नाही.

आंबेमोहर
महिना-दीड महिना झाला, परत आले. मधल्या काळात बाईंना सांगून तिला पहिल्या रांगेत बसवलं. घरात समोर जाऊन, टीव्ही बंद करून बोलायचं ठरवलं. फुगा जमला नाही, दोन्ही नाकपुड्यांतून हवा सोडून हसत सुटते. ३० डिसेंबरला पुन्हा चाचणी केली. रेषा सपाटच. उजवा ३५, डावा ४५.

आम्ही ग्रोमेटला हो म्हटलंय. थांबावं हे मत सप्टेंबरसाठी बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. आता वाटत नाही. यंत्राचाही गंभीरपणे विचार केला, पण कान दुखून रात्री जागवतोच आहे, आणि यंत्र तिच्या कानात रोज राहील याची खात्री आम्हा दोघांनाही देता येईना. एडेनॉइडबद्दल विचारलं. ती घोरते, तोंडाने श्वास घेते, आणि चार वर्षांपुढे ते काढलं तर पुन्हा ग्रोमेट घालायची वेळ कमी येते, असं त्यांनी समजावलं.

कोकणकडा
माझं मत बदललेलं नाही, मी मार्चपर्यंत थांबलो असतो. पण तुम्ही तीन महिने मोजून ठरवलंत, आम्ही मोजलं नव्हतं. एक गोष्ट जरूर विचारा: स्वतःहून पडणारं लहान ग्रोमेट घालणार की लांब टिकणारी टी-ट्यूब? टी-ट्यूबने भोक राहायचा धोका बराच जास्त असतो. आमच्या मुलीला कुठली घातली हे आम्ही विचारलंच नव्हतं. आणि नळी पडेपर्यंत दर काही महिन्यांनी दाखवत राहा, दुखत नाही म्हणून सोडू नका.

आंबेमोहर
विचारलं दादा. लहानच घालणार, सहा महिने ते दीड वर्षात पडेल म्हणाले. तुमचं लिहिणं वाचलं नसतं तर हा प्रश्न सुचला नसता.

शुक्रवारी सकाळी ७ ला बोलावलंय, उपाशीपोटी. निवडुंग, तुम्ही मुलाला काय सांगून नेलं होतं?

निवडुंग
खरं तेच. कानात पाणी अडकलंय, तुला झोपवून डॉक्टर त्याला छोटंसं दार करणार, मी बाहेर बसलेली असेन. भुलीतून उठल्यावर अर्धा तास चिडून रडेल, त्याने घाबरू नका, आमचाही रडला होता. डबा सोबत न्या. उठल्या उठल्या भूक लागते.