मदत हवी आहे: हसाजी, हस्केल, एझेकिएल हे एकच नाव ना? दगडावर काय कोरावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे. गेल्या पावसात गावच्या कब्रस्तानात झाड पडलं आणि खापरपणजोबांचा दगड मधोमध फुटला. वरच्या डाव्या कोपऱ्याचा चुरा झाला. नवा दगड करायला दिलाय, पण नाव नेमकं काय कोरायचं तिथेच अडलोय.

घाण्याच्या हिशेबाच्या मोडी वहीत त्यांचं नाव 'हसाजी' आहे. मुलाच्या, म्हणजे आमच्या पणजोबांच्या मुंबईच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'एझेकिएल'. आणि दगडावर हिब्रूत फक्त चार अक्षरं शाबूत आहेत: योद, हेत, झायिन, कोफ. हिब्रू उजवीकडून डावीकडे, म्हणजे नेमका शेवट गेला. आत्या ८४ वर्षांची आहे, ती ठामपणे 'हस्केल' म्हणते.

मी आपल्या परीनं शोधलं. मूळ नाव येहेझ्केल, अर्थ 'देव बळ देवो'. हे नाव असलेला संदेष्टा इ.स.पू. ५९७ मध्ये यहुदाच्या राजाबरोबर बाबिलोनला नेलेल्या लोकांपैकी. सुक्या हाडांच्या खोऱ्याचा दृष्टान्त त्याचाच. इराकमध्ये अल-किफ्ल गावी त्याची कबर मानतात. आत भिंतीवर हिब्रू लेख आहेत आणि मुसलमानही ती जागा कुराणातल्या धुल-किफ्लची म्हणून पवित्र मानतात. बगदादी ज्यूंकडे याच नावाचं हेस्केल होतं. इराकचे पहिले अर्थमंत्री सासून हेस्केल (१८६०-१९३२) त्यांच्यातलेच. तेलाच्या कराराचे पैसे सोन्याच्या भावानं मिळावेत म्हणून ते अडून बसले होते.

'मोझेस एझेकिएल' शोधलं तर वेगळाच घोळ. एक अमेरिकेतल्या रिचमंडचे शिल्पकार (१८४४-१९१७), आयुष्य रोममध्ये काढलेले. दुसरे आपल्या विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, कवी निस्सीम एझेकिएल यांचे वडील. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून नुसत्या नावाच्या सारखेपणावर विसंबायला मन धजत नाही.

त्यातच एका परिचितांनी शंका काढली की ही चार अक्षरं हिज्कीया राजाच्या नावाचीही असू शकतात. ते खरं आहे का? दगड एकदाच कोरला जाणार. चुकीचं नाव त्यांच्या डोक्याशी उभं राहू नये, एवढंच वाटतं. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

तुमच्या परिचितांची शंका रास्त आहे. दोन्ही नावांचा धातू एकच, आणि हिज्कीयाचं नाव बायबलमध्ये काही ठिकाणी योद लावूनही लिहिलंय. फरक फक्त शेवटाला. येहेझ्केल असेल तर आलेफ-लामेद, हिज्कीया असेल तर योद-हे, कधी पुढे वाव.

पण माझा कौल येहेझ्केललाच. मुंबईत १७९६ साली मशीद (सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, आपण म्हणतो ती) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर. सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, तसा येहेझ्केलचा हसाजी. इंग्रजी शाळा आल्या तशी दाखल्यांवर इंग्रजी बायबलमधली रूपं चढली. घरात हसाजी आणि शाळेत एझेकिएल, यात विसंगती काहीच नाही.

आणखी एक सांगतो, तुम्हाला आवडेल. कोचीनचे व्यापारी एझेकिएल राहाबी, परदेशी सिनेगॉगचा घड्याळाचा मनोरा १७६० मध्ये उभारणारे, यांनी १७६८ मध्ये हॉलंडला पाठवलेल्या पत्रात आपल्या बेने इस्राएल लोकांविषयी लिहिलंय: मराठ्यांच्या मुलखात विखुरलेले, तेलाचे घाणे चालवतात, प्रार्थनांपैकी फक्त 'शेमा' येते. एका येहेझ्केलनं आपल्या घाणेवाल्या हसाजींची नोंद करून ठेवली, असंच मी ते वाचतो.

आता कामाचं. खात्री करायची तर मुलांचे दगड बघा. त्यांच्यावर 'बेन' म्हणजे 'चा मुलगा' या शब्दानंतर वडिलांचं नाव पूर्ण असेल. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. दगडाला तारेचा ब्रश लावू नका.

धागाकर्त्याचं उत्तर:

मनापासून आभार. मुलांचे दगड माझ्या डोक्यातच आले नाहीत! काल पहाटे गेलो. पणजोबांचा दगड मुंबईला आहे, पण त्यांच्या धाकट्या भावाचा इथेच, घाणेरीच्या जाळीखाली सापडला. पानं बाजूला केली, ऊन यायची वाट पाहिली. 'बेन'च्या पुढे सहा अक्षरं आहेत आणि शेवटची दोन आलेफ, लामेद. आत्याला फोनवर वाचून दाखवली, तर म्हणाली, "मी काय सांगत होते?"

जाता जाता एक: खापरपणजोबांच्या दगडाच्या तळाशी वर्ष म्हणून ताव, रेश, नून आहे. हे कसं मोजायचं?

प्रतिसाद:

ताव ४००, रेश २००, नून ५०, एकूण ६५०. वरचे ५००० बहुधा लिहीत नाहीत, म्हणजे ५६५०. नुसत्या ६५० मध्ये १२४० मिळवा, १८९० येतं. हिब्रू वर्ष शरदात बदलतं, म्हणून सप्टेंबर १८८९ ते सप्टेंबर १८९० धरा. महिना शाबूत असेल तर तोही पाठवा, तारीख काढून देतो.