एडिटिंग सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये एक्स्पोर्ट अडवता, मग ते सुरुवातीलाच का सांगत नाही?

उभीक्लिप (धागाकर्ता):
आमच्या शाळेतल्या बाई निवृत्त झाल्या, म्हणून आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून 22 मिनिटांची फिल्म केली. एडिटिंग माझ्याकडे होतं. एका सॉफ्टवेअरची ट्रायल उतरवली आणि चार रात्री बसलो. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर बोलून पाठवलेलं, कुणाचा आवाज बारीक, कुणाची क्लिप उभी, ते सगळं जुळवलं. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बाहेर काढायचं बटण, दाबलं. पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली, फाइल उघडली, तर कंपनीचं नाव पडद्याच्या मधोमध, नेमकं बाईंच्या चेहऱ्यावरून आडवं गेलेलं. डाउनलोडच्या पानावर फक्त 'मोफत वापरून पाहा' एवढंच लिहिलं होतं. प्रोजेक्ट फाइल दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेना, म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात. रात्री दीड वाजता लायसन्स घेतलं.

पैसे गेल्याचं दुःख नाही. मर्यादा जरूर घाला, पण मी पहिली क्लिप टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने लावायच्या पट्टीवर) टाकायच्या आधी सांगा. चार रात्रींचं काम अडकल्यावर जे विकलं जातं, त्याला मी विक्री मानत नाही.

कोडवाला:
मी स्वतः एक छोटं एडिटिंग सॉफ्टवेअर विकतो, म्हणून स्पष्ट लिहितो. आम्ही आधी 30 दिवस सगळं उघडं ठेवलं होतं. लोक यायचे, एक काम उरकायचे आणि जायचे. कित्येकांना वर्षातून एकदाच व्हिडिओ करायचा असतो, त्यांना 30 दिवस म्हणजे कायमचंच मोफत. एडिटरमध्ये विकण्यासारखी वस्तू शेवटी एकच, तयार फाइल. कट, ट्रान्झिशन, रंग, आवाज असं सगळं आम्ही मोकळं देतो आणि एकच दार बंद ठेवतो. शिवाय एच.264 (व्हिडिओ लहान फाइलमध्ये बसवायची पद्धत) वापरणाऱ्या एन्कोडरची पेटंट फी असते. वर्षाला 1,00,000 प्रतींच्या पुढे गेलात की प्रत्येक प्रतीमागे द्यावी लागते, मग ती प्रत तुम्ही फुकट का वाटली असेना.

रेंडररात्र:
पेटंटचा मुद्दा इथे लागू होत नाही. वॉटरमार्क, म्हणजे कंपनीच्या नावाची खूण, छापलेली फाइलसुद्धा त्याच एन्कोडरमधून निघते, तुमचा खर्च दोन्हीकडे सारखाच. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटरच्या लिनक्सवरच्या मोफत आवृत्तीत एच.264 मुळातच नाही, तिथे कोडेकचं (एच.264 सारख्या पद्धतीचं) कारण कुणी दिलं तर मी ऐकून घेईन.

आणि एक्स्पोर्ट हे शेवटचं दार नाही, ट्रायलमध्ये तपासायची मुख्य गोष्टच ती आहे. माझ्या मशीनवर 20 मिनिटांचा व्हिडिओ किती वेळात निघतो? रंग फिके पडतात का? मोबाइलवर शूट केलेल्या क्लिपांचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) स्थिर नसतो, मग शेवटाकडे ओठ आणि आवाज जुळतात का? हे कळायला पूर्ण लांबीची फाइल हातात पडावी लागते. काही ट्रायल पहिली काही मिनिटंच बाहेर काढू देतात. त्यांत आवाज सरकलाय हे कळायची सोयच नाही. त्यापेक्षा वॉटरमार्क परवडला.

साधाप्रेक्षक:
धागाकर्त्यांबद्दल सहानुभूती आहे, पण चूक त्यांचीही आहे. नवीन सॉफ्टवेअर घेतलं की आधी दहा सेकंदांची एक क्लिप टाकून बाहेर काढून बघायची, मग कामाला लागायचं. मी दर वेळी हेच करतो, पाच मिनिटांत सगळं कळतं. आणि अजिबात बंधन नको असेल तर केडेनलाइव्ह आहे, शॉटकट आहे. दोन्ही मुक्तस्रोत, ना वॉटरमार्क ना मुदत.

उभीक्लिप:
दहा सेकंदांचा सल्ला पटला, यापुढे तसंच करीन. पण पहिल्यांदाच एडिटिंगला बसणाऱ्या माणसाला हे सुचणार कुठून?

आणि आधी सांगणं जमत नाही असं थोडंच आहे? रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत सशुल्क इफेक्ट लावला, समजा नॉइज रिडक्शन, की खूण तिथल्या तिथे प्रीव्ह्यूवर उमटते. आपण तो इफेक्ट काढतो आणि पुढे जातो, काम वाया जात नाही. बाकी 3840×2160 पर्यंत, सेकंदाला 60 फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट खुलं आहे. लाइटवर्क्स या एडिटरची मोफत आवृत्ती 720पीवर (चित्राची उंची 720 ठिपके) थांबते, तेही आधीच सांगितलेलं असतं. ॲपलचं फायनल कट प्रो तर बराच काळ 90 दिवस पूर्ण वापरू देत होतं. एवढी मोठी मुदत छोट्यांना परवडणार नाही हे मान्य, पण प्रीव्ह्यूवर खूण दाखवायला काय लागतं?

कोडवाला:
काय लागतं ते सांगतो. प्रीव्ह्यूवर पहिल्याच मिनिटाला आमचं नाव दिसलं की माणूस सॉफ्टवेअर काढून टाकतो. एका आवृत्तीत आम्ही हे करून पाहिलंय. ज्यांना ते पुढे नक्की आवडलं असतं असेही त्यात गेले. मोठ्या कंपनीकडे हार्डवेअरची विक्री असते, आमच्याकडे हे एवढंच आहे. डाउनलोडच्या पानावर ठळक अक्षरांत लिहायला माझी तयारी आहे. प्रीव्ह्यूला नाही.

रेंडररात्र:
पानावरचं कुणी वाचत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. 'नवीन प्रोजेक्ट' दाबल्यावर एक ओळ दाखवा: या आवृत्तीतून निघणाऱ्या व्हिडिओवर खूण येईल. एकदाच, प्रीव्ह्यू स्वच्छ ठेवून. आणि प्रोजेक्ट एक्सएमएलमध्ये (दुसरी सॉफ्टवेअरही वाचू शकतील अशा फाइलमध्ये) बाहेर काढू द्या, म्हणजे ज्याला जायचंय तो निदान आपले कट तरी सोबत नेईल.

कोडवाला:
ओळ घालतो. एक्सएमएल मात्र सशुल्क आवृत्तीतच राहील.

उभीक्लिप:
मग आमचं भांडण आता एक्सएमएलवर. माझे कट मी लावलेत, ते तुमच्याकडे ओलीस का राहावेत?