पॉवर अ‍ॅम्प शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद: कोकणात पावसाळ्यात हा क्रम पाळायचा कसा?

खाडीकाठ (गुहागर)
आधी सीडी प्लेअर, मग प्रीअ‍ॅम्प (आवाज कमी-जास्त करणारा), शेवटी पॉवर अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा) आणि बंद करताना उलटं, हे सगळ्यांना पाठ आहे. प्रीअ‍ॅम्प चालू होताना त्याच्या आऊटपुटला क्षणभर डीसी (एकाच दिशेचं व्होल्टेज) येतो. पॉवर अ‍ॅम्प आधीच चालू असेल तर तो झटका वाढवून स्पीकरला देतो. वूफरचा (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा) कोन पुढे फेकला जातो आणि 'धप्प'. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा क्रम आपल्या हातात असतोच कुठे? लाईट जाते, येते, परत जाते. बटणं सगळी चालूच. माझं मत: पॉवर अ‍ॅम्पला विहिरीच्या पंपासारखा स्टार्टर लावा. लाईट गेली की सुटतो, आल्यावर हिरवं बटण दाबेपर्यंत लागत नाही.

टेपवाला (रत्नागिरी)
घरात स्टार्टर? अहो, बऱ्याचशा अ‍ॅम्पमध्ये रिले (आपोआप जोडणारा स्विच) असतो. चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक' वाजतं, तेव्हा कुठे स्पीकर जोडले जातात. इंटिग्रेटेड अ‍ॅम्प असेल तर प्रीअ‍ॅम्प त्याच्या पोटातच. यंत्रं क्रमाने चालू करणारे सिक्वेन्सर वगैरे मांडववाल्यांचं काम.

खाडीकाठ
रिले स्वतःपुरतं थांबतो. नेटवरून गाणी वाजवणारा स्ट्रीमर त्याच्यानंतर जागा झाला तर? आणि खाऱ्या हवेत रिलेचे काँटॅक्ट काळे पडतात. एक बाजू हळू वाजते, आवाज वाढवला की अचानक उघडते.

टेपवाला
काँटॅक्ट तुमच्या स्टार्टरचेही काळे पडणार की! हवा तीच.

कळफलक (पनवेल)
मोठा टोरॉइडल (कड्यासारखा गोल) ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर इतका करंट ओढतो की कधीकधी एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा घरचा स्विच) पडतो. बी प्रकारचा एमसीबी रेटिंगच्या 3 ते 5 पटीच्या मध्ये तत्काळ तुटतो, सी प्रकारचा 5 ते 10 पटीच्या मध्ये. दोन-तीन अ‍ॅम्प असतील तर एकामागून एक चालू करण्याला तेवढ्यासाठीही अर्थ आहे. पण बी पडतो म्हणून वायर न बघता सी टाकू नका.

मालवणचो
खाडीकाठ काका, तुमचा म्हणणा बरोबर आसा. पण लाईट जाताना काय? तेव्हा सगळं एकदमच मरतं. अ‍ॅम्पच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, प्रीअ‍ॅम्प आधी आडवा होतो, 'धप्प' तेव्हाच. स्टार्टर तिथे कामाचा नाही. प्लेअर आणि प्रीअ‍ॅम्प घरच्या इन्व्हर्टरवर टाका, पॉवर अ‍ॅम्प थेट लाईनवर. लाईट गेली की अ‍ॅम्प एकटाच बंद होतो, आली की शेवटी तोच चालू होतो. क्रम आपोआप.

टेपवाला
स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. भीमसेन ऐकताना तानपुरा फुकट मिळेल.

मालवणचो
म्हणून साइन वेव्हचा घ्यायचा. आणि अर्थिंग एकच ठेवायचं, नाहीतर स्पीकरमध्ये हम (घूंऽऽ आवाज) कायमचा.

खाडीकाठ
इन्व्हर्टरचं पटलं. तरी अ‍ॅम्पचा स्टार्टर मी काढणार नाही. आमच्याकडे लाईट आली की पहिली पाच मिनिटं व्होल्टेज वरखाली नाचतं. तेवढा वेळ अ‍ॅम्प बंदच बरा.

टेपवाला
त्याला स्टार्टर कशाला, प्लग काढून ठेवा.