मदत हवी आहे: ऑटोमॅटिक पिकअपचा स्टिअरिंगवरचा गिअर दांडा अडकतोय

नमस्कार मंडळी,

जुना फुल-साइज पिकअप आहे, ऑटोमॅटिक. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, कॉलमवरच (म्हणजे स्टिअरिंगच्या चाकामागच्या खांबावर). गाडी रात्रभर उघड्यावर उभी असते. गेले तीन आठवडे सकाळी दांडा 'पी'मधून (पार्क) निघता निघत नाही. ब्रेक दाबतो, दांडा स्वतःकडे ओढतो, तो ओढला जातोही. पण खाली आणायला गेलं की चिखलात फिरवल्यासारखा जड. 'आर'ला (रिव्हर्स) येईपर्यंत मनगट दुखतं. 'आर'मधून 'एन' (न्यूट्रल), 'एन'मधून 'डी' (ड्राइव्ह) तेवढंच कष्टाचं. वीसेक मिनिटं गाडी चालवली की मात्र शहाण्यासारखा वागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत ये रे माझ्या मागल्या.

आणखी एक, आणि याचीच जास्त भीती वाटतेय. परवा 'पी'मध्ये टाकला, निदान मला तसं वाटलं, इंजिन बंद करून दार उघडलं तर गाडी वीतभर मागे सरकली. पटकन ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

आतापर्यंत केलेले उद्योग: दांडा कॉलममध्ये जिथे शिरतो तिथे स्प्रे मारला. एक दिवस बरं वाटलं, बहुधा मनाचं समाधान. ट्रान्समिशन ऑइल काठीवर बघितलं, पातळी बरोबर, रंग लाल, जळका वास नाही. गॅरेजवाले म्हणतात गिअरबॉक्स उघडावा लागेल. एकदा 'डी'मध्ये पडला की गाडी लोण्यासारखी चालते, गिअर वेळच्या वेळी बदलतात, म्हणून मन तयार होत नाही. कुठून सुरुवात करू?

जुनाखटारा:
ब्रेकलाइट लागतात का बघा आधी. 'पी'मधून दांडा निघायला ब्रेक दाबावा लागतो, कारण कॉलममध्ये एक सॉलेनॉइड (विजेवर चालणारी खिटी) असतो, तो दांडा अडवून धरतो. त्याला इशारा बहुतेक वेळा ब्रेकलाइटच्या स्विचकडूनच मिळतो. स्विच गेला की दांडा 'पी'मध्ये कुलूप लावल्यासारखा बसतो. अमेरिकेत सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांना ही सोय सक्तीची आहे, पण त्याआधीच्याही पुष्कळ गाड्यांत ती असते.

धागाकर्ता:
ब्रेकलाइट लागतात. ब्रेक दाबला की कॉलममधून बारीक 'टक' असा आवाजही येतो.

ग्रीसचेहात:
मग सॉलेनॉइड सोडा. तो अडवतो तर फक्त 'पी'मध्ये, आणि अडवला की पूर्ण अडवतो. तुमचा दांडा 'एन' ते 'डी'सुद्धा जड जातोय. म्हणजे कुठेतरी घर्षण आहे. गिअरबॉक्स उघडायची घाई तर मुळीच नको.

साखळी समजून घ्या. दांडा कॉलममधली एक नळी फिरवतो. नळीच्या तळाशी छोटा हात असतो, त्याला केबल जोडलेली (फार जुन्या गाड्यांत केबलऐवजी सळ्या). केबल खाली गिअरबॉक्सच्या कुशीवरच्या लिव्हरला जाते. लिव्हर आत दातेरी पत्रा फिरवतो, त्या दात्यांत स्प्रिंगवरची बारीक चकरी बसते, हाताला 'टक टक' जाणवते ती हीच. एवढाच कारभार. यातलं नेमकं कोण कुरकुरतंय हे शोधायला साखळी तोडायची आणि एकेक तुकडा हाताने हलवून बघायचा.

त्याआधी: जमीन सपाट, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. केबल काढून खालचा लिव्हर हलवलात की 'पी'चा खटका सुटतो आणि गाडी मोकळी होते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. एक्झॉस्टही गार होऊ द्या.

आता गिअरबॉक्सकडचं केबलचं टोक काढा. ते सहसा गोळीवर दाबून बसवलेलं असतं. लिव्हर हाताने फिरवा. स्पष्ट खटके देत हलला, तर गिअरबॉक्स निर्दोष. जड असेल तर लिव्हरचा दांडका केसिंगमध्ये गंजलाय, रस्त्यावर मीठ टाकतात तिथे हे होतं. मग वरचं टोक काढा आणि स्टिअरिंगवरचा दांडा हलवा. हलका असेल तर चोर केबल. जड असेल तर कॉलममधली बुशिंगं (नळी ज्यांत फिरते ती कडी) बघावी लागतील, पण तिथे एअरबॅग असते, तेव्हा बॅटरी काढल्याशिवाय हात घालू नका.

सकाळी जड, गाडी तापली की मोकळा, यावरून माझा कौल केबललाच. तिच्यात पाणी शिरलं असणार. आणि गाडी सरकली ते हलक्यात घेऊ नका. केबल अडली की वरचा काटा 'पी' दाखवतो, खाली खटका पूर्ण बसलेलाच नसतो. दुरुस्त होईपर्यंत हँडब्रेकशिवाय उतरायचं नाही.

चढउतार:
थोडं अवांतर. उतारावर नुसत्या 'पी'वर गाडी सोडायची सवय असेल तर सगळं वजन त्या खटक्यावर येतं आणि सकाळी दांडा जड निघतो, पण निघताना 'धाड' आवाज येतो. आधी हँडब्रेक, मग 'पी', मग पाय सोडायचा.

धागाकर्ता:
आवाज नाही आणि जागा सपाट आहे, ते कारण बाद. रविवारी खाली शिरतो.

धागाकर्ता (रविवार संध्याकाळ):
ग्रीसचेहात, तुमच्या तोंडात साखर पडो!

खालचं टोक स्क्रूड्रायव्हरने उचकटलं. लिव्हर दोन बोटांनी फिरला, प्रत्येक जागी खणखणीत खटका. वरचं टोक काढल्यावर स्टिअरिंगवरचा दांडा पिसासारखा हलका. नुसती केबल हातात धरून ओढली तर जागची हलेना. मग टॉर्च मारून तिची वाट बघत गेलो. तिला धरून ठेवणारी एक क्लिप तुटलेली, केबल लोंबून एक्झॉस्टच्या पाइपला टेकलेली. तिथे बोटाएवढ्या लांबीचं वरचं प्लास्टिक वितळून आतली तारांची गुंडाळी उघडी पडलेली, तपकिरी गंजाने माखलेली. म्हणजे पाणी तिथून आत, रात्री थंडीत गोठायचं, आणि त्याच पाइपच्या उष्णतेने वीस मिनिटांत वितळायचं! रोग आणि औषध एकाच जागी.

जुन्या केबलमध्ये तेल सोडून बघू का?

ग्रीसचेहात:
नको. आठवडाभर चालेल, मग परत तेच. नवी घाला, क्लिपही नवी, आणि पाइपपासून चांगली लांब बांधा. बसवताना दांडा आणि खालचा लिव्हर एकाच जागी हवेत. कुठल्या जागी, ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मग केबलवरचं समायोजनाचं कुलूप दाबा. नंतर ब्रेक दाबून ठेवून प्रत्येक जागी चावी फिरवून बघा: स्टार्टर फक्त 'पी' आणि 'एन'मध्ये फिरला पाहिजे, 'आर'मध्ये मागचे पांढरे दिवे लागले पाहिजेत. शेवटी 'पी'त टाकून, इंजिन बंद करून गाडी ढकलून बघा.

धागाकर्ता:
घातली. तिन्ही गोष्टी तपासल्या, बरोबर आहेत. आज सकाळी काच बर्फाने पांढरी होती, दांडा करंगळीने खाली आला. फक्त डॅशबोर्डवरचा काटा 'डी'च्या किंचित अलीकडे थांबतोय. परत केबल हलवू?

ग्रीसचेहात:
केबलला हात लावू नका! काट्याची दोरी वेगळी असते, कॉलमच्या खाली, सुतळीहून बारीक. तिचा छोटा समायोजक असतो, तेवढाच फिरवा. हळूच. ती तुटली तर डॅशबोर्ड उघडावा लागेल.