अनुभव धागा: दर शनिवारचा फळा

शनिवारचा फळा: काल माळा साफ करताना पत्र्याचा डबा सापडला, आत खडूंचे तुकडे आणि माझी २०१३ ची वही. तिथंच धुळीत बसून वाचत राहिलो. २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकर डॉक्टरांना गोळ्या घातल्या, त्या रात्री आमच्या विवेकवादी मंडळातले आम्ही सहाजण जमलो, पण कुणाच्या तोंडातून शब्द फुटेना. मंडळाचं काम मी बघायचो, म्हणून मला वाटलं मीच काहीतरी केलं पाहिजे. शनिवारी गल्लीच्या तोंडाच्या फळ्यावर आठ ओळी लिहिल्या आणि खाली 'दर शनिवारी' असं लिहून टाकलं. ते दोन शब्द लिहिले नसते तर तिसऱ्याच आठवड्यात बंद पडलं असतं. भानामती झाली, अमावास्या झाली, मग काय लिहायचं? शुक्रवारी रात्री झोप यायची नाही.

पण एक कळलं. तळहातावर कापूर पेटवून दाखवला की टाळ्या पडतात, प्रश्न मात्र लोक फळा वाचून आणतात, कारण वाचताना कुणी आपल्याकडं बघत नसतं. भाजीची पिशवी घेतलेली एक मावशी आठ दिवसांनी येऊन हळूच विचारून गेली, "माझ्या भैणीला जट आलीया, कापली तर कायबी हुईत नाही, खरं काय वो?"

तुमचं कसं सुरू झालं? बंद का पडलं तेही सांगा.

गोकाकची सून: जट म्हटल्यावर राहवेना. सासूबाईंची मी कापली, माझ्या हातानं. मान वाकडी झालती त्यांची. केस विंचरले नाहीत, धुतले नाहीत की तेल मळ बसून गुंता घट्ट होतो एवढंच, पण घरात सगळे म्हणायचे यल्लम्माचं बोलावणं आहे. ह्याच्यापायी किती पोरी सौंदत्तीला सोडल्या आपल्याकडं, १९८२ चा देवदासी बंदीचा कायदा होऊन सुद्धा. कुकर लावलाय, येते नंतर

खानापूर रान: आमच्यात फळा नव्हता, डेअरीच्या भिंतीवर चुन्यानं लिवायचो. पावसाळ्यात एकच विषय, साप. नाग मण्यार घोणस फुरसं ह्या चारीवर सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळतंय, चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडं जाऊन तास घालवू नका. दोन वर्षं सारखं तेच लिवलं, लोक म्हणाले दुसरं काय येत नाही काय. तिसऱ्या वर्षी भात लावताना शेजारच्या पोराला घोणस चावली आणि त्याच्या आज्ज्यानं सरळ गाडी काढली. वाचलं पोरगं. आज्जाच आधी मंत्र घालायचा गावात.

वडगावकर: अंगावर काटा आला वाचून 🙏

निपाणीचा मास्तर: सापाचं निघालंय म्हणून सांगतो. जादूटोणाविरोधी कायदा फक्त महाराष्ट्रात आहे असं आपल्या लोकांना वाटतं. कर्नाटकाचाही आहे, २०१७ चा, २०२० पासून लागू. साप चावलेल्याला औषधापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. मी हे वर्गाबाहेर लिहिलं, दुसऱ्या दिवशी पुसलेलं. विषयामुळं नाही, मराठीत होतं म्हणून. लई वाईट वाटलं. मग कन्नडच्या बाईंना विनंती केली, अर्धा फळा त्यांचा अर्धा माझा. बेंगळूरच्या एच. नरसिंहय्यांबद्दल त्यांच्याकडूनच कळलं, १९७६ मध्ये कुलगुरू असताना चमत्कार तपासायला समिती नेमली होती त्यांनी. त्यानंतर फळा कुणी पुसला नाही.

वडगावकर: पावसात खडू कसा टिकतो वो? आमचा लगेच उतरतो

निपाणीचा मास्तर: साखरेच्या पाण्यात भिजवा. थोडा ओला असतानाच लिहायचं, वाळल्यावर उठून दिसतो. उघड्यावर पाऊस लागला तर मात्र जाणारच.

शनिवारचा फळा: भीतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडात कन्नडचे अभ्यासक कलबुर्गी सरांना त्यांच्या दारात मारलं. धारवाड म्हणजे आपलं रोजचं येणंजाणं. आईनं खडूचा हाच डबा लपवला. मी भांडलो नाही, भांडायची ताकदच नव्हती. पाचव्या दिवशी तिनंच डबा आणून ठेवला आणि म्हणाली, जा, पण अंधार पडायच्या आत ये. दोन वर्षांनी रस्ता रुंद केला त्यात फळा गेला. मी पण नवी जागा शोधली नाही, ते मनाला लागून आहे.

सहा डिसेंबर: बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात ६ डिसेंबरच्या अंधश्रद्धेविरुद्धच्या कार्यक्रमाला गेलतो, आपल्याकडचे पुढारी सतीश जारकीहोळी तिथं मुक्काम करतात तो. पहिल्यांदाच रात्र काढली. बायको दोन दिवस बोलली नाही. लिहायचं म्हणून खूप ठरवलं, अजून झालं नाही

वडगावकर: तुम्ही आधी घरात लिवा 😄 फळावाले दादा, माझ्या दुकानाची बाजूची भिंत मोकळी आहे. वर पत्रा आहे, पाऊस लागत नाही. बघून जावा.

गोकाकची सून: झाली जेवणं. तर, जट कापली त्या रात्री सासूबाई उताण्या झोपल्या. इतकी वर्षं पालथ्याच झोपायच्या. मी दोनदा उठून बघितलं, भीती मलाच, काही झालं तर नावं मलाच ठेवली असती. सकाळी म्हणाल्या, मानेला वारं लागतंय गं.

शनिवारचा फळा: ताई, हे या शनिवारी लिहू का? नाव गाव घालत नाही. भिंत मिळालीच आहे.

गोकाकची सून: लिवा की. कन्नडमध्ये पण लिवा तेवढं, त्यांना मराठी वाचता येत नाही, आणून दाखवीन.