मदत हवी आहे: जनुकीय चाचणी आधी की मेडिक्लेम आधी?

निशिगंध_८
आईच्या रिपोर्टमध्ये बीआरसीए१ म्युटेशन (स्तन-अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकीय बदल) निघालं. डॉक्टर म्हणतात, मीही चाचणी करावी. गुरुवारी रक्त द्यायचंय. पॉझिटिव्ह आली तर विमा नाकारतील का? कायदा काय म्हणतो? प्लीज लवकर सांगा.

आडवाट
पॉलिसी आहे की घ्यायचीय? आरोग्य विमा की आयुर्विमा?

सातासमुद्रापार
काळजी नको. २००८ चा जिना (GINA) कायदा आहे, आरोग्य विमावाले जनुकीय माहितीवरून नाकारू शकत नाहीत. मी चाचणी केली, हप्ता वाढला नाही.

खडीसाखर
तो अमेरिकेतला कायदा. तिथेही आयुर्विम्याला लागू नाही. भारतात असा स्वतंत्र कायदाच नाही, उगाच धीर देऊ नका.

सातासमुद्रापार
देश कुठे लिहिलाय धाग्यात?

जुई_जाई
अगं, चाचणीचं राहू दे, आधी ब्रेस्ट एमआरआय करून घे. माझ्या मावशीचं वेळेवर कळलं म्हणून वाचली.

निशिगंध_८
भारतातच आहे. आरोग्य विमाच. सध्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी आहे, पण पुढच्या महिन्यात नोकरी सोडतेय.

आडवाट
हे आधी सांगायचं ना! मग नोकरी सोडण्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते एचआरला विचारा, झालेला वेटिंग पीरियड (काही आजारांचे क्लेम मिळण्याआधी थांबायची मुदत) वाया जात नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हृदयविकाराच्या एका खटल्यात 'जनुकीय आजार वगळले' असं पॉलिसीतलं सरसकट कलम भेदभावाचं ठरवलं. त्यानंतर आयआरडीएआयनेही (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) त्या कलमावरून क्लेम नाकारू नका असं कंपन्यांना कळवलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या काही भागाला स्थगिती दिली. पण हे सगळं क्लेमचं. नवीन पॉलिसी देताना कंपनी नकार देऊ शकते, हप्ता वाढवू शकते.

बिनधास्त_बोला
सरळ खासगी लॅबमध्ये करा आणि विम्याच्या फॉर्ममध्ये लिहूच नका. पाच वर्षं काढली की कोणी विचारत नाही.

खडीसाखर
असले सल्ले देऊ नका! ६० महिने सलग पॉलिसी चालली की माहिती दिली नाही म्हणून क्लेम अडवता येत नाही हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण उरत नाही. आणि कॅन्सर पाच वर्षं थांबतो का?

निशिगंध_८
मग गुरुवारची चाचणी पुढे ढकलू? आणि फॉर्ममध्ये आईच्या आजाराबद्दल विचारलं तर?

आडवाट
विचारलं तर खरं लिहायचं. गुरुवारचं डॉक्टरांशी आजच बोला, विम्याचा प्रपोजल फॉर्म भरेपर्यंत थोडे दिवस थांबलं तर चालेल का ते तेच सांगतील. आईंना आता कसं आहे?